ट्राम आली आणि सुई अलिबागला गेली

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना राहिलेले काही आकडे घातलेत आणि माझं पाल्हाळ थोडं छाटलंय. थोडंच.

सुरुवात तुमच्या खिशातल्या फोनपासून करू. नकाशा उघडलात, निळा ठिपका बरोबर द्वारका सर्कलवर आहे, पण त्याचा बाण मुंबईच्या ऐवजी धुळ्याकडे बघतोय. मग फोन सांगतो, मला हातात धरून हवेत इंग्रजी आठ काढा. आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून काढतो, लोक बघतात, बाण सुधारतो. मराठी ८ काढला तरी चालतं बरं का. आकृतीला काही महत्त्व नाही, फोन सगळ्या बाजूंनी फिरला पाहिजे एवढीच अट.

या फिरवण्याला आमच्या धंद्यात कॅलिब्रेशन म्हणतात, आणि माझा पगार बऱ्याच अंशी त्याच्यावर चालतो. आमची छोटी टीम नाशकात पार्किंगसाठी वायरलेस नोड बनवते. हाताच्या तळव्यावर मावेल एवढी डबी, आत एक सेल, एक रेडिओ आणि तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा चुंबकीय सेन्सर. वर गाडी येऊन उभी राहिली की तिच्या लोखंडामुळे पृथ्वीचं क्षेत्र तेवढ्यापुरतं वाकतं. डबी ते ओळखते आणि ‘जागा भरली’ असा निरोप पाठवते. ऐकायला सोपं आहे. पण ‘वाकलं’ असं म्हणायचं तर आधी सरळ कसं होतं ते माहीत पाहिजे, आणि सगळी रात्र त्यातच जाते.

आजची गोष्ट या ‘सरळ कसं होतं’ची आहे. ती आपल्याच राज्यात घडली, कुलाब्याला आणि अलिबागला, आणि आमच्यासारख्या कितीतरी इंजिनिअरना ती ठाऊकच नसते.

आधी दोन मिनिटं यंत्राची. नाशिकमध्ये पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४४ मायक्रोटेस्ला आहे आणि त्याचा कल उत्तरेकडे, जमिनीत थोडा खाली घुसणारा. सेन्सर ते तीन काटकोनी अक्षांवर मोजतो. डबी कशीही फिरवा, तीन आकड्यांचा मिळून जोर तेवढाच आला पाहिजे. म्हणजे सगळी मोजमापं कागदावर मांडली तर एक गोल तयार व्हायला हवा, मध्य शून्यावर, त्रिज्या ४४. प्रत्यक्षात काय होतं? स्पीकरचा चुंबक, चुंबकत्व चढलेला एखादा स्क्रू असं कायमचं चुंबकी लोखंड डबीबरोबर फिरतं आणि गोलाचा मध्य सरकवतं. त्याला हार्ड आयर्न म्हणतात. दुसरं लोखंड स्वतः चुंबक नसतं, पण पृथ्वीच्या क्षेत्राच्या नादी लागतं, जसं सेलचं पोलादी कवच. ते गोलाचा बटाटा करतं. हे सॉफ्ट आयर्न. कॅलिब्रेशन म्हणजे त्या सरकलेल्या बटाट्यावरून मूळचा गोल ओळखायचा. आठ काढताना तुमचा फोन नेमकं हेच गणित करत असतो.

हे गणित फोनसाठी कोणी शोधलेलं नाही. ते जहाजांचं आहे. मॅथ्यू फ्लिंडर्स १८०१ ते १८०३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याभोवती फिरत होता, तेव्हा त्याला दिसलं की जहाजाचं तोंड बदललं की होकायंत्राची चूकही बदलते. जहाजातल्या लोखंडाचा हा प्रताप. पुढे पॉइसाँने त्याची समीकरणं मांडली. १८३८ मध्ये जॉर्ज एअरीने ‘रेनबो’ नावाची लोखंडी आगबोट गोल फिरवून तिचं होकायंत्र चुंबकांनी आणि लोखंडाच्या तुकड्यांनी दुरुस्त केलं. मग आर्चिबाल्ड स्मिथने पॉइसाँची समीकरणं खलाशांना वापरता येतील अशी करून दिली. मी फर्मवेअरमध्ये जे मॅट्रिक्स भरतो, ते बघून स्मिथसाहेबांना फारसं नवल वाटलं नसतं. आगबोट बंदरात गोल फिरवायची, फोन हातात फिरवायचा, एवढाच फरक.

पण जे फिरवताच येत नाही त्याचं काय? इमारत कशी फिरवणार? काँक्रीटमध्ये बसवलेली आमची डबी कशी फिरवणार? इथून कुलाबा सुरू होतं.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. काम काय, तर बंदरातल्या जहाजांना बरोबर वेळ देणं आणि ताऱ्यांचे वेध घेणं. त्यानंतर युरोपात चुंबकत्वाची लाट आली. १८३२ मध्ये गाउसने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जोर निखळ लांबी, वजन आणि वेळ यांत मोजायची रीत दाखवली. ही रीत मला इतकी आवडते की इथे जरा रेंगाळतो.

अडचण अशी होती. तुमच्याकडे चुंबक आहे, पण तो किती जोरदार आहे ते ठाऊक नाही. पृथ्वीचा जोरही ठाऊक नाही. चुंबक टांगून झुलवला तर झोक्याच्या वेळेवरून दोघांचा गुणाकार मिळतो. मग तोच चुंबक दुसऱ्या एका सुईजवळ ठेवायचा आणि सुई उत्तरेपासून किती ढळते ते बघायचं. त्यावरून दोघांचा भागाकार मिळतो. गुणाकार आणि भागाकार हातात आले की चुंबकाचा जोर गणितातून उडून जातो आणि पृथ्वीचा उरतो. कोणाकडूनही प्रमाणित चुंबक उसना आणायची गरज नाही. आमच्या स्वस्त सेन्सरमधल्या काही चिपांत याचा लांबचा भाऊबंद बसलेला आहे. आतल्या पातळ पट्टीचं चुंबकत्व एका झटक्याने उलटवतात, दोन्हीकडून मोजतात आणि अर्धी वजाबाकी करतात, की चिपची स्वतःची चूक निघून जाते. त्याला सेट-रिसेट म्हणतात. डेटाशीटमध्ये हे चार ओळींत उरकलेलं असतं, म्हणून बरेच जण ते वापरतच नाहीत.

(जाता जाता एक. बाजारात ‘एचएमसी ५८८३’ म्हणून मिळणाऱ्या निळ्या बोर्डांवर बऱ्याचदा ‘क्यूएमसी ५८८३’ ही वेगळीच चिप असते. बसवरचा पत्ता वेगळा, रजिस्टरं वेगळी. तासभर सेन्सर सापडला नाही तर आधी भिंग घेऊन चिपवरची अक्षरं वाचा.)

तर गाउसच्या रीतीमुळे जगभरातली मोजमापं एकमेकांशी ताडून बघता येणार होती. ब्रिटिशांनी टोरांटो, सेंट हेलेना, केप, होबार्ट इथे वेधशाळा काढल्या आणि कंपनीने सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई इथे. कुलाब्याला चुंबकीय निरीक्षणं १८४१ मध्ये सुरू झाली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार प्रमुख होते. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांकडेही काही काळ वेधशाळेचं काम होतं. आणि ऑर्लेबारांच्या हाताखाली १८४० मध्ये महिना ५० रुपयांवर एक सहाय्यक लागला. वय पंधरा, मूळ गाव अलिबागजवळचं नागाव, नाव केरो लक्ष्मण छत्रे.

केरूनानांना आपण टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून ओळखतो, नाहीतर ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ लिहिणारे म्हणून. पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह जुळत नाहीत, तेव्हा आकाशाचं ऐकायचं, ही त्यांची भूमिका. त्यातूनच पटवर्धनी पंचांग आलं आणि त्यावरून बरीच भांडणंही झाली. मला ते पंचांगाचं कॅलिब्रेशनच वाटतं. वयाच्या पंधराव्या वर्षापासून काटे आणि मापं वाचत बसलेल्या माणसाला ही दृष्टी आली यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

त्या वेळची पद्धत कशी होती ते बघा. बंद खोलीत रेशमाच्या दोऱ्याला चुंबक टांगलेला. त्याला छोटा आरसा. निरीक्षक लांब बसून दुर्बिणीतून त्या आरशात दिसणारी मोजपट्टी वाचणार आणि वहीत लिहिणार. किल्ल्या, चाकू बाहेर ठेवून आत जायचं. दर तासाला वाचन, गडबड दिसली तर अधिक वेळा. काही ठरलेल्या दिवशी तर जगातल्या सगळ्या वेधशाळांनी गॉटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे एकाच क्षणी वाचायचं. मुंबईत भर दुपार असो की मध्यरात्र, घड्याळ गाउसच्या गावचं. आमचे नोड सर्व्हरशी वेळ जुळवून घेतात त्याचा हा खापरपणजोबा.

सिमला आणि सिंगापूरची कामं काही वर्षांत थांबली. कुलाब्याची वही चालू राहिली. त्या वहीतला एक दिवस पुढे जगप्रसिद्ध झाला.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर प्रकाशाचा लोळ पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, एरवी ध्रुवांजवळ दिसणारा प्रकाश पार खालच्या अक्षांशांपर्यंत दिसला. अनेक ठिकाणी मोजणारी यंत्रं पट्टीबाहेर गेली. कुलाब्याला कोणीतरी दुर्बिणीला डोळा लावून आकडे लिहीत होतं. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अॅलेक्स यांनी त्या नोंदी काढून तपासल्या. आडव्या दिशेचं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं होतं. त्यातला किती भाग पृथ्वीभोवतीच्या वलयातल्या प्रवाहाचा आणि किती वरच्या वातावरणातल्या प्रवाहांचा, यावर वाद आहे आणि तो चालू राहील. पण वाद घालायला आकडा आहे! आजचं वीजजाळं आणि उपग्रह असं वादळ सोसतील का, हा प्रश्न कोणीही विचारला की चर्चा कुलाब्याच्या त्या वहीपर्यंत येते.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वहीत मोजपट्टीचे भाग लिहिले होते, नॅनोटेस्ला ही भाषा तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पट्टीवरच्या एका भागाला किती जोर, तापमान वाढलं की चुंबक किती मंदावतो, हे गुणक वेधशाळेने काढून छापून ठेवले नसते, तर ती वही म्हणजे नुसती रद्दी होती. मी हे वाचलं त्या आठवड्यात आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक वाचनाच्या शेजारी कॅलिब्रेशनची आवृत्ती आणि तापमान असे दोन रकाने वाढवून घेतले. साठवणीचा खर्च वाढतो म्हणून कुरकुर झाली. होऊ दे.

ज्या वर्षी ते वादळ आलं त्याच वर्षी जन्मलेले नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यापुढे आलेलं संकट आकाशातून आलेलं नव्हतं, ते महापालिकेच्या रस्त्यावरून आलं.

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून धावत होती. १९०० च्या सुमारास ती विजेवर न्यायचं ठरलं. शहराला आनंद झाला असणार, घोड्यांना त्याहून जास्त. वेधशाळेला मात्र हे मरणच होतं. का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

ट्रामला डोक्यावरच्या तारेतून वीज मिळते आणि ती रुळांतून परत जाते. रूळ जमिनीवर पडलेले, त्यामुळे त्यातला काही प्रवाह जमिनीत झिरपतो आणि वाट फुटेल तसा लांबून परत येतो. प्रवाह एकाच दिशेचा, म्हणजे डीसी. असा प्रवाह जिथून वाहील तिथे चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि ट्राम सुरू झाली, थांबली, चढावर गेली की ते बदलतं. सुईला वाटतं पृथ्वीलाच काहीतरी झालंय. उलटसुलट वाहणारी एसी असती तर सेकंदाला पन्नास वेळा इकडून तिकडे होऊन सरासरीत विरली असती, जड सुईने तिची दखलही घेतली नसती. डीसी विरत नाही. नाशिककरांना हा डीसी-एसीचा भेद वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. मुंबईकडून १५०० व्होल्टची डीसी इगतपुरीपर्यंत आणि पुढे २५,००० व्होल्टची एसी, म्हणून गाडी इगतपुरीला थांबून इंजिन बदलायची. घरातली मोठी माणसं तिथल्या वड्याची आठवण अजून काढतात.

मूस यांच्यापुढे दोन वाटा होत्या. ट्रामचा परिणाम मोजून तो वजा करत राहायचं किंवा दूर जायचं. ट्राम कधी कुठे किती वीज खाईल याचा नेम नाही, त्यामुळे पहिली वाट वाट नव्हतीच. त्यांनी दूर जायचं ठरवलं आणि जागा निवडली अलिबाग. कुलाब्यापासून समुद्रापलीकडे साधारण ३० किलोमीटर, म्हणजे आकाशातून येणारे बदल दोन्हीकडे जवळपास सारखेच दिसतील इतकं जवळ आणि ट्रामची वीज पोचणार नाही इतकं लांब. अलिबागला आजही प्रवासी रेल्वे नाही. पर्यटक त्याबद्दल हळहळतात, सुई खूश असेल.

बांधकाम लोखंडाशिवाय करायचं होतं. आणि कोकणात, देशावर हाताशी दगड कोणता? आपला काळा कातळ, ज्यात मॅग्नेटाइटचे कण खच्चून भरलेले. म्हणून पोरबंदरचा दगड तपासून घेऊन आणला, आणि जोडकामाला तांबं-पितळ वापरलं. एका इमारतीत सतत चढउतार नोंदणारी यंत्रं ठेवली. दुसऱ्या इमारतीत गाउसच्या वळणाची निखळ मोजमापं करायची आणि पहिल्या इमारतीतली यंत्रं हळूहळू सरकत नाहीत ना हे वरचेवर ताडून बघायचं. हेही लक्षात ठेवा, शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी एका यंत्रावर विश्वास ठेवलेला नाही. एक चपळ पण सरकणारं, दुसरं संथ पण खात्रीचं.

१९०४ मध्ये अलिबागचं काम सुरू झालं. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? जुनं बंद, नवं चालू, उद्घाटनाचा फोटो. मूस यांनी १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्ही ठिकाणी निरीक्षणं चालू ठेवली. दोन जागांवरचं क्षेत्र सारखं नसतंच, खालचा खडक वेगळा, अक्षांश थोडा वेगळा. पण एकाच क्षणी दोन्हीकडे काय दिसतं हे दोन वर्षं लिहिलं की मधलं अंतर पक्कं कळतं. मग कुलाब्याची जुनी वही अलिबागच्या नव्या वहीला सांधा न दिसता जोडता येते. इमारत फिरवता येत नाही ना, तर दोन इमारती एकाच वेळी चालवा. मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. तोवर सुई सुखरूप पलीकडे गेलेली होती.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केल्या. भूचुंबकत्वाच्या अभ्यासात हे खंड आजही काढून बघितले जातात. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. अलिबागची वेधशाळा चालू आहे, आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे, जिचं मुख्य ठाणं नवीन पनवेलला आहे. कुलाबा आणि अलिबाग धरून ही जवळपास १८० वर्षांची मालिका होते, आणि जगात अशा मालिका मोजक्याच आहेत. ‘अलिबागवरून आलायस का’ असं आपण एखाद्याला खुळ्यात काढायला म्हणतो. त्यावर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती, २०१९ मध्ये ती फेटाळली गेली. मला हे वाचल्यापासून तो वाक्प्रचार शाबासकीसारखा ऐकू येतो, पण ऑफिसात माझ्याशिवाय कोणी तसा वापरत नाही.

आता परत आमच्या डबीकडे. मूस यांची ट्राम तिच्यात बसलेली आहे, अगदी शब्दशः. डबीतला रेडिओ निरोप पाठवतो तेव्हा सेलमधून क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, समजा १०० मिलिअँपिअर. सरळ तारेतून एवढा प्रवाह गेला तर १ सेंटिमीटरवर २ मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. म्हणजे २००० नॅनोटेस्ला. कॅरिंग्टनच्या वादळाचा आकडा आठवा, १६००. दर निरोपाला आमच्या चार सेंटिमीटरच्या बोर्डावर १८५९ पेक्षा मोठं वादळ येऊन जातं.

इथे अलिबाग कुठून आणणार? सेन्सर बोर्डाच्या एका टोकाला आणि सेल दुसऱ्या टोकाला, एवढंच अंतर आमच्या हातात. दुसरा उपाय ट्रामच्या उलट करणं. ट्रामची जाणारी वीज वर तारेत आणि येणारी खाली जमिनीत, मधलं अंतर मोठं, म्हणून क्षेत्र मोठं. आम्ही जाणारी आणि येणारी वाट एकमेकींना चिकटून ठेवतो, म्हणजे दोघींची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना खातात. आणि तिसरा उपाय जागेऐवजी वेळेत दूर जाणं. रेडिओ झोपलेला असताना मोजायचं, मग बोलायचं. आमच्या फर्मवेअरमधल्या त्या फंक्शनला मी ‘अलिबाग’ असं नाव दिलंय.

जमिनीचं मात्र काही करता येत नाही. नाशिक ज्या कातळावर वसलंय तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळची दिशा धरून ठेवली. १९५६ मध्ये इंपीरियल कॉलेजच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी, आणि १९५९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजून प्रसिद्ध केली. दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे बरेच थर उलटे आहेत, त्यांची सुई दक्षिणेकडे बोट दाखवते, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलट होते. दुसरी म्हणजे सुईचा खाली झुकलेला कोन सांगतो की हा कातळ तयार झाला तेव्हा तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, ३० अंशांच्या आसपास होता. भारत सरकत वर आला हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांपैकी हा एक. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना आपण ज्याला हात टेकतो तो खडक म्हणजे जुनी, थिजलेली होकायंत्रं आहेत, आणि त्यातली बरीचशी आजच्या उत्तरेशी सहमत नाहीत.

पार्किंगच्या काँक्रीटमध्ये खडी याच कातळाची असते. शिवाय सळया. त्यामुळे टेबलावर कितीही सुंदर गोल काढून दिला तरी डबी जमिनीत बसली की तिचा ‘सरळ’ बदलतो. टेबलावर डबीचं स्वतःचं लोखंड काढून टाकता येतं. जागेचं लोखंड जागेवरच शिकावं लागतं, गाडी नसताना, थंड पहाटे आणि तापलेल्या दुपारी, कारण उन्हाने सेन्सरही सरकतो.

यावरूनच अलीकडे एका ग्राहकाशी खडाजंगी झाली. जुन्या डब्यांचे सेल संपत आले होते, नव्या पिढीच्या बसवायच्या होत्या. मी म्हटलं, पंधरा दिवस जुन्या आणि नव्या शेजारी शेजारी चालू द्या. ते म्हणाले, साहेब, दिवा बदलताना कोणी जुना दिवा पंधरा दिवस शेजारी लावून ठेवतो का? दोन वर्षांच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या, कोणत्या वाराला किती गर्दी, कुठल्या तासाला जागा रिकाम्या. त्यावर त्यांचे दर ठरतात. सांधा न जुळवता डब्या बदलल्या असत्या तर उद्यापासून गर्दी वाढली की सेन्सर हळवा झाला हे सांगायला कोणीच नव्हतं. मी त्यांना मूस यांची गोष्ट सांगितली, जरा लांबवूनच. शेवटी नऊ दिवसांवर तडजोड झाली. दोन वर्षं मागायला हवी होती असं आमचा एक सहकारी नंतर म्हणाला, म्हणजे पंधरा मिळाले असते.

ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी. चुंबकीय क्षेत्र दाखवणारं कुठलंही फुकट अॅप घ्या, आठ काढा, आणि एकूण जोर बघा. नाशिक परिसरात ४४ च्या जवळपास आला तर फोन शहाणा आहे. मग तोच फोन खिडकीच्या ग्रीलजवळ, लिफ्टच्या दाराशी, फ्रिजवर, आणि जमलं तर रामशेज किंवा अंजनेरीच्या माथ्यावरच्या उघड्या कातळावर टेकवून बघा. माथ्यावर वीज पडलेली असेल तिथले दगड जास्तच तिरपागडे असतात, म्हणून ट्रेकला होकायंत्र दगडावर ठेवून वाचू नये, हातात धरून वाचावं. आकडे आम्हाला पाठवा, सोबत जागा, वेळ आणि फोनचं मॉडेल लिहा. आणि हो, कव्हरला चुंबकाची बक्कल असेल तर ते आधी काढून ठेवा.